रविवारी सकाळी दहाचा लोड

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. रविवार होता. दहा वाजून चार मिनिटांनी माझ्या फोनवर पहिला फोटो आला. भिवापूरकडच्या एका मुलीने वडिलांच्या मोबाईलच्या पडद्याचा फोटो शेजारच्या काकांच्या मोबाईलवरून काढून पाठवला होता. पडद्याला वरून खालपर्यंत तडा गेलेला आणि तड्याच्या अल्याड-पल्याड तुटलेली इंग्रजी ओळ : ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड. पाठोपाठ तिचा आवाज आला, "मॅडम, पेपर उघडूनच नाही राह्यला. मी त आंघोळ करून कधीची बसली." मग दुसरा फोटो, तिसरा, मग फोनच फोन. साडेदहापर्यंत माझ्या साईटवरच्या सराव पेपरात ६८पैकी १९ मुलं आत गेली होती आणि त्यातल्याही सात जणांचा पेपर अर्ध्यावर अडकला होता.

ही सगळी आठवीतली मुलं. उमरेड, भिवापूर, कुही या तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या तीन शाळांतली. ती एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसतात. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि मूल सरकारी, अनुदानित किंवा जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या शाळेत असलं, तर ही परीक्षा देता येते. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. त्या पैशांवर एखाद्या मुलीची सायकल येते, बसचा पास निघतो, आणि मुख्य म्हणजे "दहावीनंतर बघू" हा घरातला विषय थोडा पुढे ढकलला जातो. परीक्षेत बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकात ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. मिनिटाला एक प्रश्न. हुशार मुलंही इथे घड्याळाला हरतात, म्हणून सराव घड्याळ लावूनच व्हायला हवा. पन्नास-सत्तर किलोमीटरवरून दर रविवारी नागपूरला येणं त्यांना जमणारं नाही. मी नागपूरच्या नंदनवनात दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि रविवार या मुलांना देते. त्यांच्यासाठी एक साधी शिकण्याची साईट असावी, धडे तिथे असावेत, पेपर तिथेच सोडवावा आणि लगेच निकाल कळावा, एवढीच माझी इच्छा होती.

साईटसाठी होस्टिंग, म्हणजे ती ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा, घेताना मी तेच केलं जे बहुतेक शिक्षक करतात. सगळ्यात स्वस्त शोधलं. महिन्याला ६९ रुपये, जागा अनलिमिटेड, बँडविड्थ अनलिमिटेड. चार वर्षांचे पैसे एकदम भरायचे होते, म्हणजे ६९ गुणिले ४८, ३,३१२ रुपये. वर १८ टक्के जीएसटी धरून ३,९०८. चार वर्षांनंतरचा दर तिथेच खाली बारीक अक्षरात होता, जवळजवळ साडेतीन पट. तो मी वाचलाच नाही असं नाही. वाचला आणि चार वर्षं लांब आहेत असं स्वतःला सांगितलं.

त्या रविवारी दुपारी मी जेवले नाही. मुलांना काय तोंड दाखवायचं, हाच विचार डोक्यात होता. बाबा माझ्या खोलीत आले. ते वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेत, कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध नाही. त्यांनी विचारलं, "झालं काय?" मी म्हटलं, "बाबा, सगळी मुलं एकाच वेळी आली आणि साईट बसली." ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "अडुसष्ट घरांनी एकाच टायमाले कूलर लावले त डीपी उडनच नं पोरी. तू लोड काढला होता का?"

नागपुरात वाढलेल्या माणसाला डीपी, म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, समजावून सांगावी लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, संध्याकाळी गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू होतात आणि पंख्याची पाती मोजता येतील इतकी हळू फिरायला लागतात. पण बाबांनी त्या दुपारी जे सांगितलं, ते मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं. एका डीपीवर शंभर घरं असली आणि प्रत्येक घराचा मंजूर लोड दोन किलोवॅट असला, तरी ती डीपी दोनशे किलोवॅटची बसवत नाहीत. त्याच्यापेक्षा बरीच लहान बसवतात. कारण शंभर घरं एकाच क्षणी सगळी उपकरणं लावत नाहीत. कोणी इस्त्री करतं तेव्हा कोणी झोपलेलं असतं. या न जुळण्याच्या भरवशावरच सगळी वीज स्वस्त पडते. इंजिनियर लोक त्याला डायव्हर्सिटी म्हणतात, असंही बाबांनी सांगितलं.

स्वस्त होस्टिंग अगदी याच भरवशावर चालतं. ज्याला शेअर्ड होस्टिंग म्हणतात त्यात एका सर्व्हरवर शेकडो साईटी बसवलेल्या असतात. कोणाची साडीच्या दुकानाची, कोणाची मंगल कार्यालयाची, कोणाची नुसतीच नावापुरती. त्यातल्या बहुतेकांकडे दिवसाला पाच-पन्नास माणसं येतात आणि तीही वेगवेगळ्या वेळी. म्हणून ६९ रुपयांत परवडतं, आणि यात लबाडी काही नाही. एका साईटीने सगळ्यांची वीज ओढू नये म्हणून कंपनी प्रत्येक घराला एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा खटका, बसवते : सीपीयू इतका, रॅम इतकी, आणि एका क्षणी आत चालू असलेली कामं इतकी. या शेवटच्या आकड्याला एन्ट्री प्रोसेस म्हणतात. माझ्या प्लॅनमध्ये तो २० होता. कंट्रोल पॅनलच्या एका कोपऱ्यात त्याचा आलेख मिळाला. आठवडाभर जमिनीला चिकटलेली रेघ आणि रविवारी दहा वाजता सरळ उभी भिंत, वर सपाट. २०पैकी २०. त्याच्यावर एकविसावं काम आलं की ५०८. ती भिंत मी बाबांना दाखवली. त्यांना इंग्रजी अक्षरं लागली नाहीत, पण भिंत बरोबर लागली. "ट्रिप झालं," म्हणाले.

अनलिमिटेड हा शब्द जागेपुरता होता. आणि जागा मला नकोच होती. माझे सगळे धडे मिळून दोन जीबी होत नाहीत. मला हवी होती रविवारची ९० मिनिटं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण होस्टिंग निवडताना ती कोणी सांगत नाही. साध्या साईटीचं पान सगळ्यांना सारखंच दिसतं, त्यामुळे ते एकदा तयार करून कॅशमध्ये ठेवता येतं आणि हजार लोक आले तरी तयार पान वाढता येतं. पोळ्या आधीच लाटून डब्यात ठेवाव्यात तसं. शिकण्याच्या साईटीत हे चालत नाही. प्रत्येक मूल आपल्या नावाने आत येतं, त्याचं पान वेगळं, त्याचे प्रश्न वेगळ्या क्रमाने, त्याचं प्रत्येक उत्तर डेटाबेसमध्ये लिहायचं. प्रत्येकाला गरम पोळी तव्यावरूनच द्यावी लागते. माझी साईट मूडल या शिकवण्यासाठीच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे. मूडल तर मूल उत्तर देत असताना मध्ये मध्ये आपोआप जतनही करतं, ठरवून दिलेला वेळ एक मिनिटाचा असतो. वीज गेली, रेंज गेली तरी लिहिलेलं वाया जाऊ नये म्हणून. ही सोय या मुलांसाठी लाखमोलाची आहे, पण तिचाही लोड आहेच. आणि परीक्षा म्हणजे डायव्हर्सिटी शून्य. अडुसष्ट घरं, एकच बटण, एकच क्षण.

मूडल मी निवडलं ते फुकट आहे म्हणून. नंतर कळलं की ते लिहिणारे मार्टिन डुजियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढले, जिथे शाळा इतकी लांब होती की मुलं शॉर्टवेव्ह रेडिओवर शिकत. स्कूल ऑफ द एअर म्हणतात त्या शाळेला. त्यांनी २००२मध्ये मूडलची पहिली आवृत्ती काढली आणि सगळ्यांना मोकळी दिली. हे वाचलं त्या रात्री मला फार बरं वाटलं. लांबच्या मुलाचं दुखणं ज्याने स्वतः भोगलं त्याने बांधलेली ही शाळा आहे.

पुढचे तीन आठवडे मी माझ्या भाच्याबरोबर बसले. तो नागपूरजवळच्या मिहान या उद्योगवसाहतीत नोकरी करतो, रात्री नऊला घरी येतो, आणि तरीही रोज तासभर त्याने मला दिला. त्याने मला होस्टिंगवाल्यांना प्रश्न विचारायला शिकवलं. आधी मी "किती जीबी?" एवढंच विचारायची. आता मी विचारू लागले : एका वेळी किती प्रोसेस चालतील? क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं, दर मिनिटाला चालवू द्याल का? हा प्रश्न मूडलसाठी जिवाचा आहे, कारण निकालाचे मेल, आठवण करून देणारे निरोप, मागची साफसफाई सगळं क्रॉनवर चालतं, आणि स्वस्त प्लॅनमध्ये पुष्कळदा पंधरा मिनिटांच्या आत ते चालवू देत नाहीत. मुलांच्या फायलींचा फोल्डर वेबच्या बाहेर ठेवता येईल का, म्हणजे पत्ता टाकून कोणी परस्पर उघडणार नाही? फायलींच्या संख्येवर मर्यादा आहे का? नूतनीकरणाचा दर काय? सर्व्हर कुठे आहे? एकाने या शेवटच्या प्रश्नावर "क्लाऊडमध्ये" असं उत्तर दिलं. त्याच्याकडून मी घेतलं नाही.

सर्व्हर कुठे आहे याने फरक पडतो. आपल्याला नागपूरच्या झिरो माईलचा अभिमान आहे, चार घोडे आणि तो दगडी खांब पाहून आपण देशाच्या मधोमध आहोत असं लहानपणापासून ऐकत आलो. पण इंटरनेटचा मधोमध वेगळा. समुद्राखालून येणाऱ्या बहुतेक केबली मुंबई आणि चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईचा सर्व्हर त्या हिशोबाने पावलावर आहे. अमेरिकेतल्या सर्व्हरला एक हाक मारून उत्तर यायला पाव सेकंद सहज जातो. पाव सेकंद काहीच नाही असं वाटतं. पण पान उघडण्याआधी फोन आणि सर्व्हर यांच्यात तीन-चार हाका-हुंकार होतात, पत्ता विचारायचा, ओळख पटवायची, कुलूप लावायचं, मग कुठे पहिलं अक्षर. पहिला सेकंद तिथेच संपला. माझं ६९ रुपयांचं होस्टिंग सातासमुद्रापलीकडे होतं. तीन रेंजच्या कांड्यांवर बसलेल्या मुलाला तो सेकंद मी दिला होता, स्वस्त मिळालं म्हणून.

मला खरं म्हणायचंय ते हेच. स्वस्त कोणाच्या खिशातून मोजायचं? मी ५०० रुपये वाचवले आणि मुलाला पान तीनदा उघडावं लागलं, तर त्याच्या रोजच्या दीड जीबीतून ते गेलं. तो दीड जीबीही त्याच्या एकट्याचा नसतो. वडील कामावरून आल्यावर फोन मिळतो, त्यात धाकट्या भावालाही काही बघायचं असतं. होस्टिंगचं बिल माझ्या नावावर येतं, पण ते भरणारे बरेच जण आहेत आणि त्यांच्या पावत्या निघत नाहीत.

म्हणून सर्व्हर बदलायच्या आधी मी धड्यांचं वजन कमी केलं. माझे व्हिडिओ तासाभराचे होते आणि मी ते त्याच सर्व्हरवर चढवले होते. तो मोठाच घोळ होता. व्हिडिओ तिथे ठेवूच नयेत. पण यूट्यूबवर नेले तरी मुलाचा डेटा तेवढाच जातो, शेजारी दुसरंच काही बघायचा मोह वेगळा. मग मी आवाज वेगळा केला आणि फळ्याचे फोटो वेगळे. नुसतं बोलणं ३२ केबीपीएसवर नीट ऐकू येतं. अर्ध्या तासाचा पाठ सात एमबीत बसतो. फळ्याचा फोटो मोबाईल काढतो चार एमबीचा, तोच आक्रसून सव्वाशे केबीचा केला तरी खडूची रेघ स्पष्ट दिसते. मुलं सात एमबी एकदा उतरवून घेतात आणि मग रेंज असो-नसो ऐकतात. एका मुलाने सांगितलं की तो शेतावर जाताना ऐकतो. मी तो पाठ पुन्हा ऐकला, जिथे मी "हे बघा" म्हटलं होतं ती सगळी वाक्यं बदलली. ऐकणाऱ्याला काय दिसणार?

आणि पेपर. ९० प्रश्न एका पानावर होते, ते दहा-दहा केले. आपोआप जतन दोन मिनिटांवर नेलं. तिन्ही शाळांना पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुरुवात दिली. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागला नाही. बाबा म्हणाले, आम्हीही शेतीपंपांना पाळीपाळीनेच वीज देत होतो.

एवढं करून मग सर्व्हर. आम्ही मुंबईतला एक व्हीपीएस घेतला, म्हणजे सर्व्हरचा आपल्यापुरता राखलेला भाग, स्वतःचं मीटर. शेजारच्याच्या कूलरने आपला पंखा मंदावत नाही. दोन जीबी रॅम आठवडाभर पुरते. त्यात भाच्याने एक युक्ती दाखवली जी मला फार आवडली : या सर्व्हरचा किराया तासावर लागतो आणि रॅम-सीपीयू वाढवून परत कमी करता येतात. डिस्कला मात्र हात लावायचा नाही, ती वाढवली की मागे येत नाही. त्यामुळे शनिवारी रात्री मुलं झोपली की मी चार जीबी करते, सर्व्हर दोन-चार मिनिटं बंद होऊन परत उठतो, आणि रविवारी दुपारी पुन्हा दोनवर आणते. चार रविवारांचे जास्तीचे पैसे चहापाण्याइतके होतात. सगळं मिळून महिन्याला हजाराच्या थोडं वर. एका मुलाची एका महिन्याची शिष्यवृत्ती. हा आकडा असा जुळला तेव्हा मी तो वहीत लिहून ठेवला.

हे सगळ्यांना करा असं मी सांगणार नाही. स्वतःचं मीटर घेतलं की फ्यूजही स्वतःच बदलायचा. सिक्युरिटीचे अपडेट, फायरवॉल, मेल स्पॅममध्ये न जाण्यासाठीच्या नोंदी हे सगळं माझ्या अंगावर आलं, आणि भाचा नसता तर मी थोडे जास्त पैसे देऊन मॅनेज्ड सर्व्हर, ज्याची देखभाल कंपनीच करते, घेतला असता आणि ते पैसे योग्यच ठरले असते. पंधरा-वीस मुलांचा क्लास असेल तर चांगलं शेअर्ड होस्टिंगही पुरतं, फक्त भारतातलं बघा आणि एन्ट्री प्रोसेसचा आकडा विचारा. एसएसएलला, म्हणजे पत्त्याशेजारच्या त्या कुलपाला, मात्र कोणी पैसे मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट २०१६पासून सगळ्यांना फुकट देतं, मुदत संपायच्या आधी ते आपोआप नवं करता येतं. आणि डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या, होस्टिंगवाल्यापासून वेगळं. माझ्या ओळखीच्या एका क्लासचं डोमेन साईट बनवून देणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो फोन उचलेनासा झाला आणि अकरा वर्षांचं नाव गेलं. मला आमचं नाव देवनागरीत, शेवटी .भारत असं हवं होतं, २०१४पासून ते मिळतं. पण मुलांच्या फोनवर कीबोर्ड इंग्रजी आणि शाळेतल्या मास्तरांनी पत्ता फळ्यावर लिहून द्यायचा, म्हणून .इनच घेतलं. ते मला अजून लागून आहे.

बॅकअपबद्दल मी हट्टी आहे. १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, पाच मजली इमारत जळाली. माणसं सुदैवाने वाचली. पण ज्यांनी बॅकअपही त्याच आवारात ठेवला होता त्यांचं दोन्ही गेलं. माझ्या साईटीची एक प्रत दर रात्री दुसऱ्या कंपनीकडे जाते आणि दर महिन्याला एक प्रत घरी, लोखंडी कपाटात, आईच्या पैठणीशेजारी एका हार्ड डिस्कवर. मुलांची नावं, शाळा, गुण तिथे आहेत. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती सांगितली आहे, ती मी कागदावर घेतली, काही अंगठे आहेत, काही सह्या. फुकटच्या आणि जाहिरातींच्या जागी मी ही मुलं नेली नाहीत ती त्या अंगठ्यांकडे बघून.

शनिवारी संध्याकाळी सात वाजता रंगीत तालीम घेतली. पाच प्रश्नांचा खोटा पेपर, सगळ्यांनी यायचं. ६१ आली, कोणी अडकलं नाही.

रविवारी दहाला मी लॅपटॉपवर सर्व्हरची पट्टी उघडून बसले. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले होते, चष्मा लावून. पहिल्या शाळेची मुलं आली, पट्टी अर्ध्यावर गेली, थरथरली, खाली आली. पाच मिनिटांनी दुसरी शाळा. मग तिसरी. "साठ टक्के," बाबा म्हणाले, "ठीक आहे. ऐंशीच्या वर जाऊ द्यायचं नाही." ते नव्वद मिनिटं तिथून हलले नाहीत. फोन वाजला नाही. साडेअकरा वाजता पहिले पेपर आले, पावणेबाराला ६८पैकी ६६. उरलेल्या दोघी मावशीच्या लग्नाला गेल्या होत्या, आधी सांगून.

बारा वाजता फोन वाजला आणि माझ्या पोटात गोळा आला. भिवापूरचा नंबर होता.

"मॅडम, सतरावा प्रश्न," ती म्हणाली. "गटात न बसणारी संख्या. १६, ३६, ६४, ८१. तुम्ही ८१ बरोबर धरलं."

"हो, बाकी सगळ्या सम आहेत ना."

"पण ६४ काऊन नाही? चार गुणिले चार गुणिले चार. बाकी कोणाचंच घन होत नाही."

मी पेन्सिल घेतली. १६ नाही. ३६ नाही. ८१ नाही. तिला म्हटलं, थांब जरा, आणि प्रश्नपेढी उघडून ६४लाही पूर्ण गुण दिले, मग सगळ्यांचे पेपर पुन्हा मोजायला लावले. पट्टी पुन्हा एकदा वर गेली. तिचा एक गुण वाढला, आणखी नऊ मुलांचाही.